चेहरा, सौंदर्य आणि शारीरिक बल : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

माणसाच्या अंगातील बळ त्याच्या चेहऱ्यावर वाचता येते, हा समज बहुतेक सर्व समाजांत आढळतो. मराठी भाषेत या समजासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. 'राकट', 'रांगडा', 'करारी मुद्रा', 'भेदक नजर', 'पीळदार मिशा' हे शब्दप्रयोग चेहऱ्याचे वर्णन करतात, शरीराचे करतात की स्वभावाचे, हे निश्चित सांगणे कठीण जाते. तिन्हींची सरमिसळ त्यांत झालेली असते. स्त्रीच्या बाबतीत मात्र भाषा वेगळ्या वाटेने जाते. 'नाकीडोळी नीटस', 'नाजूक', 'चाफेकळीसारखे नाक' या वर्णनांत बळाचा उल्लेख तर नसतोच, उलट बळाचा अभाव हाच सौंदर्याचा भाग मानलेला दिसतो. डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन घाटवाट उतरणाऱ्या पोलादपूरच्या स्त्रीचे सामर्थ्य या शब्दसंग्रहात कोठेही बसत नाही, ही गोष्ट सहज लक्षात येण्यासारखी आहे.

या समजाच्या पोटात तीन स्वतंत्र प्रश्न दडलेले आहेत. चेहरा पाहून एखादी व्यक्ती बलवान 'वाटते' काय, हा पहिला. जी व्यक्ती बलवान वाटते ती प्रत्यक्षात बलवान 'असते' काय, हा दुसरा. आणि बलवान वाटणारा चेहरा सुंदरही वाटतो काय, हा तिसरा. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे केवळ वैचारिक गोंधळ होतो असे नव्हे. महाड परिसरातील एका मोठ्या समाजगटाला या गोंधळाची किंमत उपजीविकेच्या रूपाने मोजावी लागली आहे. म्हणूनच या विषयाचा विचार येथील संदर्भात करणे उचित ठरते.

इतिहासपुरुषांचे चेहरे

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके शिवकालाच्या आठवणींनी भरलेले आहेत. राजधानी रायगड महाड तालुक्यात आहे. नरवीर तानाजी मालुसरे यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात आहे. 'शिवभारत' या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपूर येथे दाखवली जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर गेले की प्रतापगड लागतो.

तानाजींचे समकालीन म्हणून प्रमाणित झालेले एकही चित्र उपलब्ध नाही. तरीही त्यांचा चेहरा प्रत्येक मराठी माणसाला 'माहीत' आहे. रुंद जबडा, दाट भुवया, भरघोस मिशा आणि रोखलेली नजर असा हा चेहरा शिल्पकारांनी, कॅलेंडरच्या चित्रकारांनी आणि पुढे चित्रपटांनी घडवला. म्हणजे आधी पराक्रम ज्ञात झाला आणि मग त्या पराक्रमास शोभेल असा चेहरा तयार करण्यात आला. बळाकडून चेहऱ्याकडे जाणारा हा उलटा प्रवास आहे.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत स्थिती थोडी वेगळी आहे, कारण त्यांची समकालीन वर्णने व चित्रे उपलब्ध आहेत. १६६४ च्या सुरतेच्या प्रसंगानंतर तेथील इंग्रज वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलिऑट याने लिहिलेल्या पत्रात महाराजांची उंची बेताची, बांधा प्रमाणबद्ध, नजर तीक्ष्ण, बोलताना मुद्रा हसरी आणि वर्ण त्यांच्या लोकांपेक्षा गोरा असल्याचे म्हटले आहे. त्यानंतर दोनतीन वर्षांतच हिंदुस्थानात फिरलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने उंची कमी व डोळे तेजस्वी असल्याचे सांगितले, परंतु वर्ण मात्र सावळट पिवळसर असल्याचे लिहिले. उंची आणि डोळे यांविषयी दोघांचे एकमत आहे, वर्णाविषयी नाही. चेहऱ्याचे वर्णन करणारा आपल्या पूर्वग्रहांचा रंग त्यात किती मिसळतो, याचे हे बोलके उदाहरण होय. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिच्यात बेताच्या उंचीचा एक पुरुष धिप्पाड देहाच्या अफजलखानासमोर उभा होता. केवळ देहयष्टी आणि मुद्रा पाहून निकाल सांगावयाचा असता, तर बहुतेकांनी तो चुकीचाच सांगितला असता.

चेहऱ्यावरून बळ ओळखता येते काय?

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाचा प्रयोगाधारित अभ्यास केलेला आहे. अशा अभ्यासात पुरुषांची छायाचित्रे घेतली जातात व त्यांचे बळ उपकरणांनी मोजले जाते. त्यांपैकी सर्वांत सोपे उपकरण म्हणजे हाताची पकड किलोग्रॅममध्ये दाखवणारा हँडग्रिप डायनॅमोमीटर. मग अनोळखी लोकांना ती छायाचित्रे दाखवून 'हा मनुष्य किती बलवान असेल?' असे विचारले जाते. अंदाज व मापन यांचा सहसंबंध काढला की प्रश्नाचे उत्तर मिळते.

अ‍ॅरन सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. त्यात अमेरिकेतील विद्यार्थ्यांबरोबरच बोलिव्हियातील चिमाने समाजातील आणि अर्जेंटिनाच्या अँडीज पर्वतातील पशुपालक समाजातील व्यक्तींचीही छायाचित्रे होती. केवळ चेहरा पाहूनही निरीक्षकांना वरच्या धडाच्या बळाचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा बऱ्या प्रकारे करता आला, आणि पुरुषांच्या बाबतीत तो अधिक अचूक ठरला. त्याआधी २००७ मध्ये बर्नहार्ड फिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पकड मजबूत असलेल्या पुरुषांचे चेहरे स्त्रियांना अधिक वर्चस्वशील, अधिक पुरुषी आणि काहीसे अधिक आकर्षक वाटतात, असे दाखवले होते.

यामागील कारणमीमांसा समजण्यास अवघड नाही. पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाने मुलांचा जबडा रुंदावतो, भुवयांवरील हाड पुढे येते आणि त्याच काळात स्नायूंचीही वाढ होते. चर्वणाचे स्नायू, मान आणि गाल हे अखेर एकाच शरीराचे भाग आहेत. ज्याचे शरीर भरदार त्याचा चेहराही बहुधा भरलेला असतो. येथेच एक खाच आहे. २०१६ मध्ये होल्झलाइटनर व पेरेट यांनी त्रिमित चेहऱ्यांवर केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले, की निरीक्षक प्रत्यक्षात बळ वाचत नसून चेहऱ्यावर उमटलेल्या देहाच्या आकारमानाच्या खुणा वाचत असतात. त्यांत स्नायूंच्या खुणा जशा असतात तशाच मेदाच्याही असतात. भरलेले गाल पाहून 'गडी ताकदवान दिसतो' असे म्हणणाऱ्याची फसगत कशी होते, याचा उलगडा यातून होतो.

'सहसंबंध आहे' या विधानाचा नेमका अर्थ समजून घेणे येथे अगत्याचे आहे, कारण शास्त्रीय निष्कर्षांचा विपर्यास नेमका याच ठिकाणी होतो. समजा, चेहऱ्यावरून केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष बळ यांचा सहसंबंध गुणांक ०.३ आहे. त्याचा वर्ग ०.०९ होतो. म्हणजे माणसामाणसांतील बळाच्या फरकापैकी अवघा ९ टक्के फरक चेहऱ्याशी जोडता येतो. उरलेला ९१ टक्के अन्यत्र शोधावा लागतो. हेच दुसऱ्या रीतीने सांगता येईल. मापे सामान्य वितरणानुसार विखुरलेली आहेत असे धरून कोणतीही दोन माणसे समोर उभी केली आणि अधिक बलवान दिसणारा निवडला, तर शंभरांपैकी सुमारे साठ वेळा निवड बरोबर येईल. नाणे उडवून निवड केली असती तरी पन्नास वेळा बरोबर आलीच असती. संशोधकाच्या दृष्टीने दहाचा हा लाभ महत्त्वाचा आहे. भरती अधिकाऱ्याच्या किंवा मुलाखत मंडळाच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी आहे.

मुखाच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तराची कथा याच संदर्भात उद्बोधक आहे. दोन्ही गालांच्या हाडांमधील रुंदीला भुवई ते वरचा ओठ या उंचीने भागले की हे गुणोत्तर मिळते. कॅरे व मॅककॉर्मिक यांनी २००८ मध्ये आइस हॉकी खेळाडूंमध्ये या गुणोत्तराचा आक्रमक खेळाशी संबंध दाखवला आणि पुढील काही वर्षे रुंद चेहऱ्याविषयी निबंधांचा पूर आला. २०१७ मध्ये कोसिन्स्की यांनी १,३७,१६३ व्यक्तींची माहिती तपासली तेव्हा व्यक्तींनी स्वतः सांगितलेल्या वर्तनप्रवृत्तींशी या गुणोत्तराचा संबंध आढळला नाही. लहान नमुन्यावर उभारलेला सिद्धांत मोठ्या नमुन्यापुढे टिकेलच असे नाही, हे संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना नव्याने सांगावयास नको.

बळ आणि सौंदर्य

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोकसमजुतीला अधिकच प्रतिकूल आहे. डेव्हिड पेरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कॉटलंड व जपान येथे संगणकाच्या साहाय्याने पुरुषांचे चेहरे अधिक पुरुषी आणि अधिक स्त्रीसदृश करून दाखवले. दोन्ही देशांतील लोकांनी किंचित स्त्रीसदृश केलेले पुरुषी चेहरे अधिक आकर्षक ठरवले. राकट केलेले चेहरे वर्चस्वशील वाटले खरे, पण त्यांच्या ठिकाणी आपुलकी आणि प्रामाणिकपणा कमी असेल असाही ग्रह झाला. २०१४ मध्ये स्कॉट व सहकाऱ्यांनी बारा समाजांत केलेल्या तुलनेत पुरुषी चेहऱ्यांचे आकर्षण मुख्यतः नागरीकरण झालेल्या समाजांत दिसले. लहान, ग्रामीण समाजांत ते क्षीण होते. राकट रूपाची आवड ही आदिम प्रेरणा असल्याचे जे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, त्याला हा निष्कर्ष चांगलाच छेद देतो.

आकर्षकतेशी अधिक स्थिर संबंध आढळतो तो सरासरीपणाचा. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७८ च्या सुमारास गुन्हेगारांची छायाचित्रे एकावर एक उमटवून 'गुन्हेगारी चेहरा' शोधण्याचा प्रयत्न केला. हाती आला तो मूळ चेहऱ्यांहून अधिक देखणा, सभ्य चेहरा. शोधावयास गेले एक आणि सापडले भलतेच. लँग्लोइस व रॉगमन यांनी १९९० मध्ये संगणकीय चित्रांच्या आधारे हाच परिणाम पडताळून पाहिला. म्हणजे सौंदर्य बऱ्याच अंशी 'आपल्या डोळ्यांना सवयीचे' असण्यात आहे. ज्याचे डोळे ज्या चेहऱ्यांना सरावले, त्याचा सौंदर्याचा मापदंड त्या चेहऱ्यांभोवती तयार होतो. हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कारण भरती करणारे डोळे आणि भरतीसाठी उभे राहिलेले चेहरे हे एकाच समाजातील नव्हते.

नासिकांक आणि 'लढाऊ जाती'

आतापर्यंतचे विवेचन व्यक्तीविषयी होते. चेहऱ्यावरून व्यक्तीचे बळ ठरवणे ही एक चूक. एका संपूर्ण समूहाचे बळ ठरवणे ही तिच्याहून कितीतरी मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश हिंदुस्थानात ती शासकीय धोरणाच्या पातळीवर घडली.

या काळात दोन विचारप्रवाह समांतर वाहत होते. पहिला मानवमितीचा. हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ मध्ये नासिकांकाचा पुरस्कार केला. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिकांक मिळतो. ७० पेक्षा कमी म्हणजे अरुंद, ७० ते ८५ मध्यम आणि ८५ च्या वर रुंद नाक. जातीचे सामाजिक स्थान नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते, असे रिस्ले यांचे म्हणणे होते. हेच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. नाकाची रुंदी हवामानाशी निगडित आहे आणि थंड, कोरड्या प्रदेशांत नाके अरुंद असतात, हे थॉमसन व बक्स्टन यांनी १९२३ मध्ये दाखवले. परंतु तोपर्यंत रिस्ले यांच्या कोष्टकांना प्रतिष्ठा मिळून गेली होती.

दुसरा प्रवाह लष्करी होता. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्‌स यांचे मत असे होते, की दीर्घ शांततेमुळे दक्षिणेकडील लोकांचे लढाऊपण ओसरले असून उंचपुरे, गोरटेले उत्तरेकडील लोकच खरे सैनिक होत. भरतीसाठी समूहवार हस्तपुस्तिका तयार झाल्या; मराठे व दख्खनी मुसलमान यांच्यावरील बेथम यांची पुस्तिका १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणत्या जिल्ह्यातील, कोणत्या जातीचा, कशा ठेवणीचा तरुण घ्यावा याचे मार्गदर्शन अशा पुस्तिकांतून मिळे. लष्करी पात्रतेची निवड व्यक्तीवरून उचलून जातीवर ठेवली गेली.

महार समाजाची सैन्यभरती १८९२ च्या सुमारास बंद झाली. या निर्णयाचे सारे खापर नाकाच्या मोजपट्टीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पलटणींची जातवार पुनर्रचना आणि इतर जातींचे शिपाई महार अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्यास नाखूष असणे, ही कारणे तितकीच बलवत्तर होती. मात्र 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताने त्या सामाजिक भेदाला शास्त्राचा मुलामा दिला. पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या पलटणींत लढलेला समाज एका फटक्यात 'बिनलढाऊ' ठरला. १८१८ च्या कोरेगाव येथील लढाईच्या स्तंभावर ज्यांची नावे कोरली होती, त्यांच्या नातवा-पणतवांना भरतीच्या रांगेतून परत पाठवण्यात आले.

रावढळचे हवालदार

या निर्णयाचा घाव महाड परिसरावर थेट बसला. दक्षिण कोकणातील महार कुटुंबांना सैन्याने तीन गोष्टी दिल्या होत्या : रोख पगार, निवृत्तिवेतन आणि पलटणीच्या शाळेतील शिक्षण. दासगावसारख्या गावी निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. भरती थांबली म्हणजे केवळ नोकरी गेली नाही. पुढील पिढीच्या अक्षरओळखीची वाटही अरुंद झाली.

महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी दापोली येथे अनार्य दोष परिहार मंडळीच्या माध्यमातून कार्य केले आणि १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करण्याविषयी सरसेनापतींच्या नावे विनंतीपत्र तयार करण्यात आले. त्यात पूर्वीच्या सैनिकी सेवेचा हवाला होता आणि आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावाही होता. अर्जदारांना वंशाच्या भाषेला वंशाच्याच भाषेत उत्तर द्यावे लागले, यात त्या काळाची कोंडी दिसते. 'आम्ही लढलो' हा पुरावा अपुरा ठरत होता. 'आम्ही लढवय्यांच्या वंशातले' हेही सांगावे लागत होते. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही याच मागणीसाठी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला.

सिद्धांताची परीक्षा अखेर युद्धभूमीवर झाली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूत येथे वेढल्या गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. दक्षिणेकडील म्हणून दुय्यम लेखल्या गेलेल्या या शिपायांची कामगिरी अशी झाली, की ११७ व्या मराठा पलटणीला पुढे 'रॉयल' ही उपाधी मिळाली. मनुष्यबळाची निकड वाढताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटणही उभी राहिली आणि निकड संपताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. पंचवीस वर्षांत महारांचे चेहरे बदलले नव्हते, शरीरे बदलली नव्हती. सरकारची गरज तेवढी बदलली होती. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. महाडला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजवलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाच्या तर नावातच सैनिकी परंपरा येऊन बसली आहे.

मोजपट्टीचा उलटा उपयोग

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करणाऱ्या सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे सुभेदाराचे पुत्र. त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात आहे या मताची चिकित्सा केली. तिच्यासाठी त्यांनी नासिकांकाचीच आकडेवारी हाती घेतली. अस्पृश्य हे ब्राह्मणांहून निराळ्या वंशाचे असतील, तर एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य यांच्या नाकांच्या मापांत तसा फरक दिसावयास हवा. तो दिसत नाही, असे त्यांनी आकड्यांच्या आधारे मांडले. एक समाज आर्य तर दुसराही आर्य, एक द्रविड तर दुसराही द्रविड, अशी ही युक्तिवादाची रीत होती. ज्या मोजपट्टीने माणसांची उतरंड लावली गेली, तिनेच ती उतरंड निराधार ठरवण्यात आली.

त्याच्या बऱ्याच आधी एका मराठी विदुषीने अशीच गोष्ट प्रयोगशाळेत केली होती. इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. युरोपीय कवट्यांची असममिती वांशिक श्रेष्ठत्वाशी निगडित असावी, ही मार्गदर्शकांची धारणा होती. १४९ कवट्या मोजून कर्वे यांनी असममितीचा वंशाशी संबंध आढळत नसल्याचा निष्कर्ष मार्गदर्शकांपुढे ठेवला. विद्यार्थिनीने मार्गदर्शकाच्या आवडत्या गृहीतकाविरुद्ध आकडे मांडणे, तेही त्या काळच्या जर्मनीत, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये काम करताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापनांचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला.

सैन्यभरतीसाठी मैदानात उतरणाऱ्या महाड-पोलादपूरच्या तरुणाची आज उंची मोजतात, छाती फुगवून किमान ५ सेंटिमीटर वाढते काय ते पाहतात. त्याला १.६ किलोमीटर धावावे लागते, बीमला लटकून पुल-अप्स काढावे लागतात, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडावा लागतो आणि अरुंद फळीवरून तोल सांभाळून चालावे लागते. उंचीची किमान अट अजूनही प्रदेशाप्रदेशानुसार वेगवेगळी आहे, हा जुन्या वर्गवारीचा एक अवशेष म्हणता येईल. अर्जावर चेहऱ्याचे छायाचित्र असते, ते धावणारा आणि अर्ज करणारा एकच आहे हे पडताळून पाहण्यापुरते.